धरणाच्या वरची जमीन

नाशिक ज्या पावसावर जगते तो पाऊस नाशिक शहरात पडत नाही. शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो; तेवढ्यावर एवढ्या मोठ्या वस्तीची तहान भागली नसती. खरा पाऊस पडतो तो पश्चिमेला, त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरांवर. इगतपुरीत तो तीन हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. ब्रह्मगिरी, अंजनेरी आणि त्यांच्या आसपासच्या डोंगरसोंडांवरून उतरणारे पाणी ओढ्या-नाल्यांतून गोदावरी, गौतमी आणि कश्यपी या नद्यांना मिळते आणि गंगापूर धरणाच्या जवळजवळ चार किलोमीटर लांब मातीच्या भिंतीमागे येऊन थांबते. तिथून ते जलवाहिन्यांनी शिवाजीनगर, बारा बंगला अशा जलशुद्धीकरण केंद्रांत, मग जलकुंभांत आणि शेवटी नळाला येते. मुकणे आणि दारणा धरणांचाही शहराला आधार आहे, पण शहराची मुख्य भिस्त आजही गंगापूरवरच आहे.

डोंगराच्या ज्या माथ्यांच्या आत पडलेला पाऊस या एका जलाशयाकडे वळतो, तेवढा सगळा मुलूख म्हणजे गंगापूरचे पाणलोट क्षेत्र. माथ्याच्या पलीकडे पडलेल्या पावसाचा प्रवास निराळा. त्र्यंबकच्याच डोंगरांत वैतरणाही उगम पावते आणि तिचे पाणी शेवटी मुंबईकरांच्या घरात जाते. पाण्याची हद्द डोंगराची धार ठरवते. ती तालुक्याची सीमा, महापालिकेची हद्द किंवा गटनंबर यांतले काहीच जुमानत नाही. पाणलोटाच्या संरक्षणाचा सगळा प्रश्न इथूनच सुरू होतो, कारण आपले नियम मात्र तालुका, हद्द आणि गटनंबर यांवरच चालतात.

पाणी बिघडले तर शुद्धीकरण केंद्र आहेच, असे आपण गृहीत धरतो. हे केंद्र काय करू शकते आणि काय नाही, ते नीट समजून घ्यायला हवे. पावसाळ्यात डोंगरांवरून तांबडी माती वाहून येते आणि धरणातून येणारे कच्चे पाणी गढूळ होते. अशा वेळी प्रयोगशाळेत रोज एक साधी चाचणी करतात. एकाच रांगेतल्या काचपात्रांत तेच कच्चे पाणी भरायचे, प्रत्येकात तुरटीची किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइडची मात्रा थोडी थोडी वाढवत न्यायची आणि पाती आधी जोरात, मग सावकाश फिरवायची. मातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटतात, डोळ्यांना दिसतील एवढे पुंजके बनतात आणि तळाशी बसू लागतात. ज्या पात्रात वरचे पाणी सर्वांत लवकर नितळते, ती त्या दिवसाची मात्रा. मग तेच मोठ्या टाक्यांत करायचे, पाणी वाळूच्या थरांतून गाळायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचा. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५ चालतो. ही पद्धत जुनी आहे, भरवशाची आहे, आणि ती चालवणारी माणसे आपले काम चोख जाणतात.

पण तुरटी आणि वाळू पकडतात ती न विरघळलेली घाण. जे पाण्यात विरघळले आहे ते बहुतांशी तसेच पुढे जाते. शेतातल्या खतांतून आणि सांडपाण्यातून येणारे नायट्रेट वाळूच्या थराला अडत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. काही कीटकनाशके आणि बुरशीनाशकेही अशीच निसटतात. फॉस्फरस थोडा जरी वाढला तरी साचलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात निळे-हिरवे शेवाळ फोफावते. त्याच्या काही जाती यकृताला बाधणारी विषे सोडतात आणि वाळूचे थर चोंदवतात ते वेगळेच. ज्या क्लोरीनवर आपला एवढा विश्वास, तोही पाण्यातल्या सेंद्रिय द्रव्यांशी मिळून ट्रायहॅलोमिथेन नावाची संयुगे तयार करतो. त्यांचे प्रमाण दीर्घकाळ जास्त राहिले तर प्रकृतीला धोका असतो. म्हणजे कच्चे पाणी जितके घाण, तितके रसायन जास्त आणि तितके उपद्रवी अवशेषही जास्त. हे सारे गाळून काढणारी यंत्रणा जगात आहे. ती बांधायला आणि विशेषतः रोज चालवायला लागणारा पैसा कोणत्याही महापालिकेला घाम फोडील. म्हणून पाणी राखायचे तर ते धरणात पोहोचण्याआधी, वरच्या जमिनीवर राखावे लागते.

ही जमीन झपाट्याने बदलते आहे. गंगापूरच्या बॅकवॉटरला आता वेगळाच भाव आला आहे. द्राक्षबागा, वायनरी, रिसॉर्ट आणि त्यांच्या आजूबाजूला फार्म हाऊसचे प्लॉट. सातबाऱ्यावर जमीन शेतीचीच राहते. ०.४ हेक्टर, म्हणजे साधारण एक एकर जमीन असली की शेतघर बांधायला वाट मिळते. एका शेतघराने धरण बिघडत नाही, हे खरेच. पण नियम एकेका घराकडे पाहून परवानगी देतो आणि धरणाला मात्र सगळी घरे मिळून सोसावी लागतात.

अशा एखाद्या घराच्या मागची शोषखड्ड्याची जागा जरा जवळून पाहावी. नाशिकच्या पश्चिमेला बेसाल्टचा कातळ आहे; त्यावर मुरूम आणि मुरमावर हातभर-दोन हात माती, कुठे तेवढीही नाही. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारे पाणी अजून घाणच असते. ते खऱ्या अर्थाने स्वच्छ होते शोषखड्ड्याखालच्या कोरड्या, हवा खेळत्या मातीत. तिथले जिवाणू ते खातात, मातीचे कण रोगजंतू धरून ठेवतात. त्यासाठी मातीची जाडी लागते आणि ती कोरडी असावी लागते. जुलै-ऑगस्टमध्ये इथली सगळी जमीन पाण्याने गच्च भरते. तेव्हा शोषखड्डा शोषत नाही. त्यातले पाणी मुरमातून आडवे सरकते, कातळाच्या भेगा शोधते आणि उताराने जलाशयाकडे जाते. त्याच महिन्यांत धरण भरत असते. मे महिन्यात ज्या घरापासून पाणी दूर, चिखलाच्या पट्ट्यापलीकडे दिसते, त्याच घराच्या कुंपणाजवळ सप्टेंबरात पाणी आलेले असते. म्हणून अंतर मोजायचे ते धरणाच्या पूर्ण संचय पातळीपासून. उन्हाळ्यातल्या काठावरून मोजले तर ती निव्वळ फसवणूक आहे.

दुसरी गोष्ट गाळाची. गंगापूर धरण बांधले तेव्हा त्याचा उपयुक्त साठा ७२०० दशलक्ष घनफूट होता. आज पाटबंधारे खात्याच्या रोजच्या तक्त्यात ५६३० असा आकडा असतो. मधले दीड हजारांहून अधिक दशलक्ष घनफूट गाळाने खाल्ले. वरच्या बाजूला गौतमी गोदावरी धरण बांधले गेले, त्याची क्षमता १८६८ दशलक्ष घनफूट. म्हणजे एक अख्खे नवे धरण बांधून जे मिळवले, जवळपास तेवढेच जुन्या धरणात मातीखाली गेले. गाळ काही प्रमाणात येणारच, डोंगर झिजतातच. पण टेकडीचा उतार कापून सपाट केला, रस्ता काढला, मुरूम उपसला की पहिल्याच पावसात तिथून निघणारी माती गवताळ उतारावरच्या मातीच्या कित्येक पट असते. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी डोंगर पोखरण्याविरुद्ध नाशिककर अलीकडच्या वर्षांत रस्त्यावर उतरले. ती चळवळ श्रद्धास्थानासाठी आणि पर्यावरणासाठी होती हे खरे. ती पिण्याच्या पाण्यासाठीही होती, हे मात्र तेवढ्या ठासून सांगितले गेले नाही.

जमीन राखली तर काय होते आणि नाही राखली तर काय होते, हे पाहायला फार लांब जायची गरज नाही. मुंबईत एकमेकांच्या शेजारी तीन तलाव आहेत. विहार १८६० मध्ये बांधून झाला, तुळशी १८७९ मध्ये आणि पवई १८९१ मध्ये. तिन्ही पिण्याच्या पाण्यासाठीच बांधलेले. विहार आणि तुळशीचे पाणलोट जंगलात राहिले आणि पुढे बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आले. दीडशे वर्षे उलटली तरी हे दोन तलाव मुंबईच्या पाणीपुरवठ्यात आपला छोटा वाटा उचलतात. पवईचे पाणलोट मोकळे होते. तिथे वस्ती, कारखाने आणि इमारती आल्या. पवईचे पाणी पिण्यालायक राहिले नाही. तेच शहर, तोच पाऊस, जवळपास तोच काळ. फरक फक्त वरच्या जमिनीचा. महाराष्ट्रातल्या प्रत्येक नगररचनाकाराच्या टेबलावर या तीन तलावांचा नकाशा असावा, असे मला वाटते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. नाशिककरांना सर्वांत ओळखीचा नियम पूररेषेचा. १९ सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर निळी रेषा आणि लाल रेषा हे शब्द इथे घरोघरी पोहोचले. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्ही रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. हा नियम चांगलाच आहे, पण त्याचा हेतू माणसाला नदीपासून वाचवण्याचा आहे. नदीला माणसापासून वाचवण्यासाठी तो केलेलाच नाही. निळ्या रेषेबाहेर, उंच टेकाडावर, शोषखड्ड्यासह बांधलेले हॉटेल पूररेषेच्या हिशेबात अगदी निर्दोष ठरते.

नदीच्या बाजूने विचार करणारा एक नियम महाराष्ट्राकडे होता: नदी नियमन क्षेत्र धोरण. ते २००० मध्ये आले आणि २००९ मध्ये सुधारले गेले. पाण्याचा वापर पाहून नद्यांच्या टप्प्यांचे अ-१ पासून अ-४ पर्यंत वर्ग पाडले होते. ज्या पाण्याला केवळ निर्जंतुकीकरण पुरेसे असावे असा टप्पा अ-१ मध्ये. अशा टप्प्यात नदीच्या दोन्ही तीरांपासून ३ किलोमीटरपर्यंत उद्योगाला मज्जाव, ३ ते ८ किलोमीटरपर्यंत केवळ हरित वर्गातल्या, म्हणजे कमी प्रदूषण करणाऱ्या उद्योगांना मुभा. यात उणीव होती. धोरण मुख्यतः कारखान्यांपुरते होते. प्लॉट, रिसॉर्ट, वस्ती यांना ते फारसे हात लावत नव्हते. ही उणीव भरून काढायला हवी होती. झाले उलटे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राज्य सरकारने धोरणच रद्द केले. उद्योगांना जागा मिळण्यात अडथळा येतो आणि प्रदूषण रोखायला इतर कायदे आहेत, ही त्यामागची भूमिका होती. इतर कायदे कारखान्याने काय सोडावे यावर बोलतात. तो कुठे असावा यावर फारसे बोलत नाहीत. पाणलोटासाठी ‘कुठे’ हाच प्रश्न मुळातला आहे. हा निर्णय चुकीचा होता, आणि दहा वर्षांनंतरही तो मागे घेता येतो.

उरते काय, तर तुकडे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला मनाई आहे. डोंगरउतार वाचवायला ही तरतूद मोलाची. पश्चिम घाटातल्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सहा मसुदे निघाले. त्यात खाणकाम, लाल वर्गातले उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरची बांधकामे रोखण्याचा प्रस्ताव आहे. पण शंभर छोटी शेतघरे या चाळणीतून सहज निसटतात. वन विभागाची जमीन वन विभागाकडे, जलाशय जलसंपदा विभागाकडे, पाणी पिणारे महापालिकेकडे, त्र्यंबक शहर तिथल्या नगर परिषदेकडे, गावे ग्रामपंचायतींकडे आणि बाहेरची बांधकाम परवानगी नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे. प्रत्येकाकडे आपापला नकाशा आहे. ब्रह्मगिरीच्या धारेपासून धरणाच्या भिंतीपर्यंत पाणलोटाची एक रेषा काढून तिच्या आत वेगळे नियम सांगणारा नकाशा कोणाच्याच कारभाराचा पाया नाही. तो करण्याची जागा कोणती, असे विचाराल तर महानगर प्राधिकरण. अनेक तालुक्यांवर एकत्र नियोजनाचा अधिकार त्याच्याच हाती आहे.

एका शेजारच्या राज्याने असा नकाशा काढून दाखवला होता. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर हैदराबादेत उस्मानसागर आणि हिमायतसागर हे जलाशय बांधले गेले. ८ मार्च १९९६ रोजी निघालेल्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशाने या दोन जलाशयांच्या पूर्ण पातळीपासून १० किलोमीटरपर्यंत प्रदूषण करणारे उद्योग, मोठी हॉटेले आणि निवासी वसाहतींना मनाई केली. ८४ गावे या कक्षेत आली. एका तेल उद्योगाला त्यातून सूट देण्याचा घाट घातला गेला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १९९९ व २००० च्या निकालांत न्यायालयाने सांगितले की पिण्याच्या पाण्याच्या बाबतीत आधी सावधगिरी, आणि धोका नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी उद्योगाची. पंचवीसेक वर्षे आदेश टिकला. मग शहर वाढले, जमिनींचे भाव गगनाला भिडले, ८४ गावांतले लोक म्हणू लागले की शेजारच्या गावात एकराला कोट्यवधी मिळतात आणि आमची जमीन मात्र बांधलेली. २०२२ मध्ये तेलंगण सरकारने निर्बंध उठवण्याचा आदेश काढला. या गावकऱ्यांना केवळ लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. शहराच्या पाण्यासाठी त्यांच्या जमिनीचा भाव रोखून धरला गेला आणि त्याबदल्यात शहराने त्यांना काहीच दिले नाही. बंदी नुसती बंदी राहिली तर ती कधी ना कधी मोडते, हा हैदराबादचा धडा नाशिकने आधीच घ्यावा.

याच जागी न्यूयॉर्क शहराने वेगळी वाट काढली. त्या शहराचे बहुतांश पाणी दोनशे किलोमीटरपर्यंत लांब असलेल्या कॅट्सकिल आणि डेलावेअरच्या डोंगरांतून येते. त्या जलाशयांसाठी तिथलीही गावे एकेकाळी बुडवली गेली होती आणि राग पिढ्यान्‌पिढ्या धुमसत होता. नव्वदच्या दशकात शहरापुढे दोन पर्याय होते: अब्जावधी डॉलरचे गाळणी केंद्र बांधणे किंवा पाणलोट राखणे. १९९७ मध्ये शहर, राज्य आणि पाणलोटातली गावे यांच्यात करार झाला. नवे शोषखड्डे ओढ्यापासून शंभर फूट आणि जलाशयापासून तीनशे फूट दूर, सिमेंट-डांबराची नवी आवरणेही काठापासून अंतर राखून. त्याच करारात गावांच्या बिघडलेल्या सेप्टिक टाक्या शहराच्या पैशाने दुरुस्त करून देणे, गावांची सांडपाणी केंद्रे सुधारणे, जमीन घ्यायची तर राजीखुशीने विकणाऱ्याकडूनच घेणे, असे सगळे आले. शेतकऱ्यांबरोबरचे काम तर स्वेच्छेने सामील होण्याच्या तत्त्वावर चालते. त्या पाण्याला आजही गाळणी केंद्राविना वापरण्याची सवलत आहे.

नाशिकसाठी तेच आकडे जसेच्या तसे उचलून चालणार नाही. तिथे बर्फ वितळतो, इथे चार महिन्यांत सारा पाऊस कोसळतो. तिथली माती खोल, इथे हातभर. इथे अंतरे जास्तच लागतील. पूर्ण संचय पातळीपासूनच्या पहिल्या पट्ट्यात झाडे आणि गवताखेरीज काही नको. त्याच्या वरच्या पट्ट्यात शेती आणि गावठाण जसेच्या तसे, पण नवे बांधकाम विरळ, आणि सांडपाण्याची बंद टाकी किंवा छोटे सामायिक प्रक्रिया केंद्र असल्याशिवाय परवानगी नाही. लहानात लहान ओढ्यालाही दोन्ही बाजूंनी हिरवी किनार, कारण घाण धरणात येते ती बहुतेक ओढ्यांतूनच. शिवाय एकेका बांधकामापलीकडे जाऊन पूर्ण उप-पाणलोटातल्या कठीण आवरणाची एकूण मर्यादा ठरवली पाहिजे. पाणलोटाची दहा टक्क्यांच्या आसपास जमीन छप्पर, फरशी, रस्ता यांखाली गेली की ओढ्यांची प्रकृती ढासळू लागते, असे अमेरिकेतल्या अनेक अभ्यासांत आढळले आहे. मर्यादा गाठली की पुढची परवानगी बंद, मग अर्जदार कोणीही असो.

आणि याची किंमत वरच्या माणसाने एकट्याने सोसू नये. त्र्यंबक तालुक्याचा बराच भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. महादेव कोळी, ठाकर, वारली, कातकरी कुटुंबे इथे भात आणि नागली पिकवतात. कश्यपी धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या ते प्रकल्पग्रस्त महापालिकेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून वर्षानुवर्षे भांडले. त्यांच्या शेजाऱ्यांना आता ‘तुमच्या जमिनीवर हे करू नका, ते करू नका’ असे सांगायला जायचे, तर हातात काहीतरी घेऊन जावे लागेल. सेंद्रिय निविष्ठांचा खर्च, बांधबंदिस्ती, गावांच्या शौचालयांच्या टाक्या नियमित उपसण्याची सोय, काठची जमीन झाडांखाली ठेवल्याबद्दल दरवर्षी ठरलेली रक्कम. नळपट्टीत छोटा पाणलोट अधिभार लावून हे उभे करता येईल. नाशिककर तो देतील, जर पैसा कुठे जातो हे त्यांना दाखवले तर.

घाई आहे ती त्र्यंबकची. ते गाव गंगापूर जलाशयाच्या वर, गोदावरीच्या उगमापाशीच वसले आहे. तिथल्या सांडपाण्याचा जो थेंब प्रक्रियेविना नदीत जातो, तो उतरतो नाशिकच्या पिण्याच्या पाण्यात. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे. शैव आखाडे आणि त्यांच्यामागे लाखो भाविक त्र्यंबकला येतील, आणि स्नानाचे हे दिवस भर पावसाळ्यातले आहेत, शोषखड्डे शोषत नाहीत त्याच दिवसांतले. तंबू, वाहनतळ, रस्ते यांसाठी सपाट केलेल्या जमिनी सिंहस्थानंतर पुन्हा हिरव्या होणार की त्यांवर प्लॉट पडणार, हे परवानगी देतानाच लिहून ठेवले पाहिजे. त्र्यंबकचे मलनिस्सारण तिथल्या छोट्या नगर परिषदेवर सोडून भागणार नाही. तो नाशिकच्या पाणीपुरवठ्याचाच खर्च आहे आणि नाशिक महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो पाणीपुरवठ्याच्या शीर्षाखालीच दिसायला हवा.